टाकीतली जाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असंही वाटायचं. एक मासा मेला, एवढंच. घरात काचेची टाकी असली की मासे मरतातच. पण मी माशाबद्दल सांगत नाहीये. म्हणजे, सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आई गेल्यावर बाबा जामसंड्याचं घर बंद करून माझ्याकडे कणकवलीला राहायला आले. उभा जन्म बोटीवर, इंजिनखात्यात काढलेला माणूस. आमच्या दोन खोल्यांत त्यांना करमेना. नवरा गोव्याला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. मी दिवसभर ऑफिसात. मग त्यांनी एक फिशटँक आणला आणि हॉलच्या खिडकीशी मांडला. त्यात एंजल मासे – चपटे, त्रिकोणी, लांब पंखांचे. सुरुवातीला मलाही आवडले. खोटं कशाला बोलू?

मासे मोठे झाले तशी त्यांतल्या दोघांची जोडी जमली. एका रुंद पानावर त्यांनी अंडी घातली आणि तिथून भांडणं सुरू झाली. ती जोडी बाकीच्यांना पानाजवळ फिरकू देईना. त्यातही एक काळी मासोळी होती, तिच्यावर त्यांचा विशेष राग. ती कुठेही गेली तरी मागे लागायची, शेपटी कुरतडायची. काळी वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीमागे अंग चोरून उभी राहायची.

बाबांनी सगळे उपाय केले. टाकीतले दगड आणि झाडं उचलून दुसरीकडे लावली, म्हणजे कुठला कोपरा कुणाचा हे मासे विसरतील. खाणं दोन टोकांना टाकून पाहिलं. मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "बोटीर दोघांचा पटला नाय की आमी झोपाचे बंक बदलू. हयसर बदलूक जागो खंय आसा गो?" शेवटी त्यांनी एक चौकट बनवली, तिच्यावर प्लास्टिकची बारीक जाळी ताणली आणि टाकीच्या मधोमध बसवली. एका बाजूला ती सगळी, दुसऱ्या बाजूला एकटी काळी. तिची शेपटी पुन्हा भरू लागली. बाबा जाळी अधूनमधून धुवायला काढायचे, पण तेवढा वेळ काळीला बादलीत ठेवायचे. धुतली की लगेच परत बसवायचे.

त्याच सुमारास बाबांनी जामसंड्याला परत जायचा विषय काढला. "दिवाळी झाली की मी थंयच जावन रवतलंय," म्हणाले. मला ते नको होतं. एकटे राहणार, पडले-झडले तर मीच पळायचं – हे कारण मी सगळ्यांना सांगायचे आणि ते खरंही होतं. भाऊ मुंबईहून फोनवर म्हणायचा, जाऊ देऊ नकोस. माझे आणि बाबांचे वाद होऊ लागले. बाबा शांतपणे ऐकायचे आणि आपला बेत पुढे न्यायचे.

एकदा सकाळच्या एसटीने ते जामसंड्याला गेले, घराचं काही काम काढलं होतं म्हणून. मी ऑफिसला निघताना टाकीजवळून गेले तर वास आला. जाळीला हिरवा चिकटा धरला होता. मी चिडले. कशावर चिडले? माशांवर, वासावर, का दिवाळीवर? जाळी उपसून काढली, मागच्या नळावर घासली आणि दोरीवर वाळत टाकली. काळीला बादलीत घ्यायचं – तेही केलं नाही. आत येऊन हात धुतले, पर्स उचलली, निघाले.

विसरले, असं म्हणता येईल. बरीच वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आले. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना मला आठवलं होतं. घर स्कूटरने पाच मिनिटांवर. मी डबा खाल्ला. शेजारच्या बाईंशी साड्यांबद्दल बोलले. संध्याकाळी लावू, असं मनाशी म्हटलं आणि कामाला बसले.

संध्याकाळी घरी आले तर बाबा माझ्या आधी पोचले होते. पायांत चपला तशाच, पिशवी हातात, टाकीसमोर उभे. काळी तळाशी आडवी पडली होती. पंखांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. डोळा नव्हता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं विचारलं, "जाळी कोणी काढल्यान गो?"

तेव्हा सांगायचं होतं. काय झालं असतं? एक दिवस बोलले नसते, फार तर. पण माझ्या तोंडून सरळ निघालं, "तुमीच काढलात, बाबा. सकाळी धुतलात आणि वाळत घातलात. इसारलात?"

बोलताना माझा आवाज अगदी मऊ होता. ते मला अजून ऐकू येतं.

बाबा मागच्या दाराने गेले. जाळी दोरीवरून काढून आणली आणि हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय गो. गाडी चुकतली म्हणान घाई केलंय. धुतलंय, वाळत घातलंय आणि तसोच गेलंय."

त्यांना ते आठवलं. समजतंय का तुम्हाला? मी सांगितलं म्हणून, न घडलेलं त्यांना आठवलं.

त्याआधी एकदा त्यांच्या हातून दूध उतू गेलं होतं, एकदा त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली होती. कुणाच्याही हातून होतं ते. पण त्या संध्याकाळनंतर ते या गोष्टी मोजू लागले. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघायचे. दाराला कुलूप लावून पुन्हा ओढून बघायचे. जेवण झाल्यावर हळूच विचारायचे, "मी गोळी घेतलंय मा?" टाकी त्यांनी ओळखीतल्या एकाला माशांसकट देऊन टाकली. "माज्या हातात जीव देव नको कोणी," एवढंच म्हणाले.

आणि दिवाळी झाल्यावर, मी काहीच न विचारता, म्हणाले, "आता माका एकट्यान रवाक जमाचा नाय. हयसरच बरो आसय."

मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. हेच सांगायला मला एवढा वेळ लागला. मी भावाला फोन केला आणि माशाची गोष्ट रंगवून सांगितली – बघ, किती विसरायला लागलेत. तो म्हणाला, बरं झालं वेळेवर कळलं.

पुढे त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं. वार, महिना, उलटे आकडे, मघाशी सांगितलेल्या वस्तूंची नावं. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, काळजीचं कारण नाही. बाहेर आल्यावर रिक्षात बाबा म्हणाले, "तू डॉक्टराक माशाचा सांगूक नाय." माझी चूक काढत नव्हते. डॉक्टरांना खरं कळलं नाही, असं त्यांना वाटत होतं. मी बाहेर बघत राहिले.

किती वेळा संधी आली. काही वर्षांनी ते आजारी पडले, दवाखान्यात आम्ही दोघंच असायचो, बोलायला दुसरं काही नसायचं. तेव्हाही नाही बोलले. ते गेले तेव्हा कणकवलीतच गेले.

त्यानंतर मी जामसंड्याला घर उघडायला गेले. आत भिंतींना बाबांनी तेव्हा दिलेला रंग होता. खिडकीशी जांभ्या चिऱ्याचे दोन ओटे बांधलेले दिसले, शेजारी शेजारी, मध्ये थोडी जागा सोडून. मला कळेना. शेजारच्या काकी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "थंयसर दोन टाकयो ठेवतले म्हणत होते. एक त्या काळ्या माशाक." मी त्यांना पाणी दिलं.

परवा वर्षश्राद्धाला भाऊ आला होता. जेवताना पाहुण्यांना सांगत होता की शेवटी शेवटी बाबांची स्मृतीच गेली होती, नाहीतर त्यांना जामसंड्यालाच राहायचं होतं. मी भात वाढत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली – हो म्हणून.

बाबांना शेवटपर्यंत सगळं आठवत होतं. जे त्यांनी केलंच नव्हतं, तेसुद्धा.