आवळीभोजनाला सूत कमी पडलं

कार्तिकात सगळ्या घराने आवळीच्या झाडाखाली बसून जेवायचं, हा आमच्या आईचा नेम. माहेर धारचं, सासर देवासचं. दोन्हीकडे तिने तो सोडला नाही. पण दादा नोकरीसाठी लंडनला गेल्यापासून पंगतीत एक पान कमीच. यंदा आम्हीच कार्तिकात त्याच्याकडे गेलो, तेव्हा तिने विमानतळावरच जाहीर केलं, "आवळीभोजन होणार. चौघांचं."

"आई, इथे आवळा कुठला?"

"मुरांबा आणलाय. झाड कुठलंही चालेल."

रविवारी दादा आम्हाला तिथल्या एका अफाट बागेत घेऊन गेला. चालतोय चालतोय, बाग संपेचना! तळं आलं की आई म्हणे, "आमच्या धारच्या तलावाची सर नाही." टेकाड आलं की बाबा म्हणत, "देवासच्या टेकरीचं पिल्लू!" हसून हसून माझ्या पोटात कळ आली.

आणि ती हिरवळ! ऐन थंडीत माणसं तिच्यावर खुशाल लोळत होती. तिकीट नाही, शिट्टी फुंकणारा चौकीदार नाही, 'घास पर बैठना मना है' अशी पाटी नाही. आमच्या गावच्या बागेतल्या त्या पाटीविरुद्ध बाबांनी पत्रकं काढली होती. मी हिंदी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. जनतेची जमीन जनतेच्या बुडाखालीच हवी, हे मला आजही शंभर टक्के पटतं. बाबांनी बूट-मोजे काढले. "देख भिया, याला म्हणतात बाग!" असं दादाला म्हणत ते पळत सुटले. त्यांच्या मागे मी. गवत इतकं गार की दोघंही किंचाळत होतो.

दादा मात्र पक्की वाट सोडेना. "बाकावर बसून खाऊ या ना. लोक बघतात."

"बाकावर आवळीभोजन?" आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने एक पांढरट सालीचं, प्रचंड झाड निवडलं. हळद-कुंकू वाहिलं, मुळाशी मुरांब्याची बरणी ठेवली आणि खोडाला गुंडाळायला पिशवीतून सूत काढलं. पण ते तिने घरूनच मापून आणलेलं, देवासच्या आवळीच्या मापाने. ती आवळी एका कवेत येते. इथे अर्धी फेरी व्हायच्या आतच सूत संपलं.

"अगं बाई! हे झाड आहे की धान्याचं कोठार?" आई हबकली. "आणि आता अर्धवट सोडायचं कसं?"

"मानवी साखळी!" बाबा गरजले. मोर्च्यातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? सुताचं एक टोक आईकडे, दुसरं बाबांकडे. मी आईचा हात धरला आणि दुसरा हात बाबांच्या दिशेने ताणला. मध्ये बरोबर एका माणसाची जागा उरली.

"दादा, ये ना!"

"मी डबे सांभाळतो," तो वाटेवरून म्हणाला, हात खिशात घालून. आई खोडाला गाल टेकून त्याच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात कुत्रं घेऊन फिरणारं एक म्हातारं जोडपं थांबलं. हे झाड तोडणार आहेत का, असं बाईंनी मला इंग्रजीत विचारलं. बाबांना कळलं ते फक्त 'कट'.

"काट के तो दिखाओ!" ते ओरडले.

झालं! बाईंनी कुत्र्याची दोरी नवऱ्याच्या हातात दिली, बाह्या सरसावल्या आणि थेट त्या रिकाम्या जागेकडे निघाल्या.

"नो, नो! वेट!"

डबे तिथेच टाकून दादा गवतावरून धावत येत होता. "सॉरी, दॅट्स माय प्लेस," असं म्हणत तो बाईंच्या पुढून आत घुसला आणि त्याने माझा अन् बाबांचा हात घट्ट पकडला.

बाई खो खो हसल्या. "त्यांनाही घे रे," आई म्हणाली, मग त्याही साखळीत शिरल्या. आम्ही सगळे प्रदक्षिणा म्हणून खोडाला चिकटून खेकड्यासारखे तिरपे तिरपे सरकू लागलो. गालाला साल खरचटत होती, पायात कुत्रं येत होतं. दुसऱ्या फेरीला सूत तुटलं, तरी कुणी हात सोडला नाही. दादा तर इतका खिदळत होता की त्याला धड सरकताही येईना.

मग झाडाभोवती पंगत बसली. तूप थिजलेलं, वरण गार. दादा पाहुण्यांना वरणात बाफला, आमची माळव्याची बाटी, कुस्करायला शिकवत होता, "चमचा नाही, हाताने!" आईने त्याच्या पानात न विचारता दुसरा आवळा वाढला.

"आई, पुरे."

"गप. मागच्या सगळ्या कार्तिकांचे बाकी आहेत," ती म्हणाली आणि तिसरा वाढला.