काकास्नी बरं कर

गेल्या मे महिन्यात मी शिबिराला जाणारच नव्हते. आमच्या चर्चचे पाळकसाहेब दोनदा सांगलीला घरी येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "बाई, लहान मुलींना सांभाळायला तुमच्यासारखं कुणी नाही." मी म्हटलं, "साहेब, लोणी लावू नका. माणूस मिळेना म्हणून आलाय, तसं सांगा." ते नुसतं हसले. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या चर्चला ठाऊक आहे, त्यामुळे माझं बोलणं कुणी मनावर घेत नाही. हो-नाही करता करता शेवटी मी बॅग भरली.

आमचं शिबिर साताऱ्याबाहेर डोंगराच्या पायथ्याशी भरतं. चर्चची जुनी जागा आहे. लांबट कौलारू हॉल, मागे दोन खोल्या, विहीर आणि चिंचेची मोठी झाडं. सांगली, तासगाव, वाई, अगदी कोयनेकडची ख्रिस्ती मुलं आठवडाभर राहायला येतात. सकाळी गाणी आणि वचनांचं पाठांतर, दुपारी खेळ, संध्याकाळी झाडाखाली प्रार्थना. आमचे हे फौजेतून रिटायर होऊन आले त्या वर्षापासून आम्ही दोघं तिथं जात होतो. मी मुलींची मावशी आणि हे स्वयंपाकघरातले काका.

हे फौजेत स्वयंपाकीच होते. शिबिराचं स्वयंपाकघर यांनी असं ताब्यात घेतलं की पाळकबाईंनाही आत पाऊल टाकायची चोरी. गळ्यात शिट्टी. सकाळी शिट्टी वाजली की पोरं थाळ्या घेऊन रांगेत. "जवान, थाळी सीधी पकड!" असं ओरडायचे आणि मग त्याच थाळीत अख्खा मसूर दोन पळ्या जास्त घालायचे. कुणी दंगा केला तर शिक्षा म्हणजे स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलायचे. पण तिथं हे फौजेतल्या गोष्टी सांगायचे, मध्येच गुळाचा खडा हातावर ठेवायचे, त्यामुळे पोरं मुद्दाम दंगा करायला लागली. मी म्हणायची, "अहो, ही शिक्षा आहे की बक्षीस?" हे म्हणायचे, "बटाटे सोलून मिळतायत ना? गप बस की."

यांची प्रार्थना एका श्वासात संपायची. पुण्याहून एखादे वक्ते यायचे आणि जेवणाआधी सगळ्या जगासाठी प्रार्थना करायला लागायचे. इकडे आमटीवर साय धरायची. मग हे स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्यांदा खोकायचे. पहिल्या खोकल्याला आटोपलं नाही तर दुसरा. पोरं डोळे मिटून खुदुखुदु हसायची. मला तेव्हा लाजल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, काय बाई ते दिवस होते!

विश्वास म्हणजे काय, ते मी उपदेश ऐकून कमी आणि त्या चुलीपाशी बसून जास्त शिकले. हे रोज मोजलेल्या माणसांपेक्षा थोडा जास्तच भात टाकायचे. मी चिडायची. फुकट जातो, म्हणायची. हे म्हणायचे, "येईल कुणीतरी." आणि खरंच कुणीतरी यायचं. पोराला भेटायला आलेला बाप, गेटपाशी थांबलेला ट्रॅक्टरवाला, वाट चुकलेली मेंढपाळाची बाई. एकदा विचारलं, "आणि कुणीच नाही आलं तर?" तर म्हणाले, "मग सकाळी आपण दोघं फोडणीचा भात खाऊ. त्यात काय रडायचं?" मी आयुष्यभर हिशोबी. देवाबाबत इतकं निवांत कसं राहता येतं, ते मला त्यांच्याकडे बघूनच थोडंफार कळायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या शिबिराला हे आजारी असतानाच आले. पोटाचं दुखणं होतं. अंगावर मांस राहिलं नव्हतं, पण ऐकतील तर शपथ. स्टुलावर बसून हाताखालच्या माणसांकडून सगळं करून घेतलं. शेवटच्या संध्याकाळी मुलांनीच यांना मध्ये बसवलं, सगळ्यांनी अंगावर हात ठेवले आणि प्रार्थना केली. लहानलहान हात, काही खरकटे, काही शाईचे. फौजी माणूस ढसाढसा रडला. मला वाटलं, झालं, आता बरे होणार. एवढ्या लेकरांचं देव ऐकणार नाही तर कुणाचं ऐकणार?

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मिरजेच्या दवाखान्यात हे गेले. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, "प्रभूमध्ये झोपी गेले." मला संताप यायचा. झोपी गेले म्हणे! झोपलेला माणूस घोरतो, कूस बदलतो, सकाळी उठून चहा मागतो. त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला. चर्चला जात होते, गाणी म्हणत होते, पण बोलणं बंद. नवऱ्याशी अबोला धरला तरी बाई त्याला ताट वाढतेच की, तसंच ते चाललं होतं.

अशी मी गेल्या मेमध्ये शिबिराला पोहोचले. स्वयंपाक केटररला दिलेला. त्याच्या डाळीत सोडा इतका की पोट टम्म. मी तिकडे फिरकायचंच नाही असं ठरवलं होतं.

दुपारच्या एसटीनं कोयनेकडची मुलं आली. त्यात एक चौथीतली पोर होती, काटकुळी, केसांचा नुसता गुंता. आदल्या वर्षी बटाटे सोलायला सगळ्यात जास्त वेळा हीच बसलेली. गेटमधून आत आली ती पाठीवरच्या पिशवीसकट थेट स्वयंपाकघरात पळाली. थोड्या वेळानं हळूहळू चालत माझ्याकडे आली.

"मावशी, काका कुठं हायत?"

शिबिराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यांची बातमी तेव्हाच टाकली होती. सगळ्या आईबापांना कळलं होतं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण हिचा बाप धरणाच्या कॉलनीत वॉचमन, त्याच्याकडे बटनांचा फोन. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. पोरीच्या तोंडाकडे बघून माझ्या ते लक्षात आलं.

"न्हाई आले," एवढंच म्हटलं.

"बरं," म्हणाली आणि पिशवी ठेवायला गेली.

संध्याकाळी चिंचेखाली माझ्या गटातल्या मुलींना घेऊन बसले. मी स्वतः प्रार्थना करत नव्हतेच, मुलींनाच पाळीपाळीनं करायला लावायचे. हिची पाळी आली. डोळे गच्च मिटून म्हणाली, "देवबापा, आमास्नी एसटीत जागा दिलीस. माझ्या आजीचं गुडघं बरं कर. आन् काकास्नी बरं कर. येशूच्या नावानं मागते, आमेन."

बाकीच्या मुलींनी चटकन डोळे उघडले. त्यांना माहीत होतं. वाईची एक थोराड मुलगी बोलायलाच लागली, "अगं, पण काका तर..." मी तिच्याकडे असं बघितलं की पोरगी शब्द गिळून बसली. माझ्या डोळ्यांना घाबरत नाही असं लेकरू अजून शिबिराला यायचंय.

जेवताना बाजूला बोलावून मी गटातल्या मुलींना दम भरला. तिला कुणी काही सांगायचं नाही. मीच सांगणार आहे.

सांगणार होतेच. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा म्हणाली, "काकास्नी बरं कर," आणि मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशीही. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं. साऱ्या जगात हे गेलेले होते, फोटोला हार घालून झाला होता, पेन्शनचे कागद फिरले होते. फक्त त्या पोरीच्या प्रार्थनेत हे अजून आजारी होते, म्हणजे होते. दिवसभर मी त्या एका वाक्याची वाट बघायचे. घरात अबोला असला की निरोप पोरांकरवी जातात. माझं देवाशी तसंच चाललं होतं. मी बोलणार नव्हते, पण माझ्या माणसाचं नाव कुणीतरी त्याच्या कानावर घालत होतं.

पाळकसाहेबांना कुठून तरी कळलंच. विहिरीपाशी गाठून म्हणाले, "बाई, त्या मुलीला सांगायला हवं."

"मग तुम्ही सांगा. उपदेश तुम्ही करता."

"मी सांगेन," ते शांतपणे म्हणाले. "पण मग ती तुम्हाला विचारेल की मावशी, तुम्ही का नाही सांगितलंत? तेव्हा काय सांगाल?"

मला असा राग आला! बादली दाणकन आपटून मी निघून आले. पण राग आला की समजायचं, समोरचा खरं बोलला. आणि मग भीतीच वाटायला लागली. ही पोर घरी जाऊन कुणाकडून तरी ऐकणार. तिला वाटणार, मावशीनं आठवडाभर आपल्याला फसवलं, आपण देवापाशी मागत होतो आणि ती शेजारी बसून ऐकत होती. एवढ्याशा वयात हिचा प्रार्थनेवरचा विश्वास माझ्यामुळे उडाला तर? माझा उडाला तो उडाला. मी म्हातारी बाई, निभावून नेईन. पण तिचं काय?

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी मुलींच्या वेण्या घालत होते. तिला मुद्दाम शेवटी बोलावलं. पायरीवर पुढ्यात बसवलं, डोक्यावर तेल थापलं. तिचं तोंड पलीकडे होतं, म्हणून जमलं. समोरून मला जमलं नसतं.

"ऐक गं," म्हटलं, "काका आजारी न्हाईत आता. काका गेले. दिवाळीच्या आधीच."

ती हलली नाही. मी कंगवा फिरवत राहिले. केसांत एवढा गुंता की हाताला काम मिळालं.

एक गुंता सुटला तेव्हा म्हणाली, "दिवाळीच्या आदी?"

"व्हय."

"मी तर रोज करत हुते. नाताळात बी केली. परीक्षेच्या दिवशी बी." मान तशीच खाली. "मग ती फुकट गेली?"

काय सांगू? हाच प्रश्न इतके महिने माझ्या घशात अडकला होता. पाळकसाहेबांना विचारला नव्हता, बहिणीला विचारला नव्हता. देवाला तर नाहीच नाही. आणि तो मला एका चौथीतल्या पोरीनं विचारला. चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत मी वर्षानुवर्षं शिकवलेली उत्तरं सगळी तोंडाशी आली. एकही बाहेर पडेना. खोटं वाटत होतं म्हणून नव्हे, मी स्वतः ती कधी तपासलीच नव्हती म्हणून.

"मला न्हाई ठाऊक, बाळा," मी म्हटलं. "मी लय रागावलेय देवावर. तू आल्या दिवशीच तुला सांगायचं होतं. सांगितलं न्हाई, कारण तू त्यांचं नाव घ्यायचीस ते मला बरं वाटायचं. चुकलं माझं."

ती रडली. आवाज न करता, खांदे हलवत. मी मागून तिला धरलं. तिच्या डोक्याचं सगळं तेल माझ्या पदराला. मीही रडले, आणि यांच्या मातीनंतर पहिल्यांदा कुणाच्या तरी सोबतीनं रडले. चर्चमधल्या बायका सांत्वनाला यायच्या तेव्हा मी त्यांच्यासाठी चहा टाकायला उठायचे, रडायला सवडच ठेवली नव्हती.

वेणी पुन्हा पहिल्यापासून घालावी लागली. रिबीन बांधता बांधता तिनं नाक ओढत विचारलं, "मग आज कुणाचं नाव घिऊ?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं घे."

आयुष्यात मी कुणाला माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांसाठी करणारी मी. माझ्यासाठी कुणी काही मागावं म्हणजे मला कमीपणा वाटायचा.

ती मागे वळली आणि डॉक्टरीण असल्यासारखं माझ्याकडे नीट बघायला लागली. "तुमास्नी काय हुतंय?"

मला सांगता येईना. "तुझं तू बघ," म्हटलं आणि कंगवा झटकायला उठले.

संध्याकाळी शेवटची प्रार्थना. मुली चिंचेखाली गोल करून बसल्या. घरी जायचं म्हणून सगळ्यांची चुळबुळ चाललेली. तिची पाळी आली, जणू माझा निकालच लागणार होता. वाटलं, आज ही करणारच नाही. पाळी पुढच्या मुलीला देईल, आणि मी तिला काय म्हणून बोलू?

ती सरळ होऊन बसली. मग डोळे गच्च मिटले.

"देवबापा, काका तुज्याकडं हायत ते मला आज कळलं. मावशी हितं एकटीच हाय. ती जेवत न्हाई. अर्दी भाकरी तशीच ठिवून उठती, मी रोज बघते. तिला जेवायला लाव. आन् ती तुज्यावर रागावलीया, तर तू तिच्यावर रागवू नको. येशूच्या नावानं मागते, आमेन."

सगळ्या मुलींनी आमेन म्हटलं आणि उठल्या. थाळ्यांचा आवाज यायला लागला होता. मी डोळे उघडले नाहीत. तिथंच मातीत बसून राहिले आणि देवाला म्हटलं, "आता माझं ऐक." आणि सगळ्यात आधी भांडले.