कावेरीच्या गाळातलं ऑर्किड

माझे सासरे जयतीर्थराव चौतीस वर्षं शेतीखात्यात होते, त्यातली बहुतेक तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूच्या कचेरीत. भाताला पाणी केव्हा सोडायचं आणि केव्हा तोडायचं हे सांगत मोपेडवरून त्यांनी आसपासची गावं पालथी घातली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सल्ला द्यायची खोड गेलेली नाही. भाजीवालीला ते भेंडीवरचा रोग समजावतात आणि ती बिचारी ऐकून घेते. चिमूटभर माती जिभेवर ठेवून ती खारवट आहे की नाही हे सांगणं ही त्यांची खास करामत. लग्न होऊन मी तंजावूरला आले त्याच आठवड्यात त्यांनी ती मला करून दाखवली. तेव्हा मी मनात म्हटलं, अंबे, कुठे येऊन पडलीस!

मी कोल्हापूरची. सासरची मंडळी तीनशे वर्षांपासून इथली, त्यामुळे त्यांची मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू आवरायचं नाही. घरात सगळे सासऱ्यांना अप्पा म्हणतात, मीही म्हणते. एकदा अप्पा म्हणाले, "तुझी मराठी पेपरांतली, आमची घरांतली. हांस खुशाल." त्यांना देवनागरी वाचता येत नाही, ते तमिळ पेपर वाचतात. पण बोलण्यात हार मानतील तर शपथ! नवरा मुरलीकृष्ण बँकेत असतो. वडील वाद घालायला लागले की त्याला नेमकं बाहेरचं काम आठवतं.

गेल्या वर्षी जानेवारीत माझी आई आमच्याकडे पहिल्यांदा राहायला आली. कोल्हापूरच्या फुलांच्या प्रदर्शनातून तिनं एक ऑर्किड घेतलं होतं, पांढऱ्या, पतंगासारख्या पंख पसरलेल्या फुलांचं. दोन गाड्या बदलून, रात्रभर मांडीवर धरून तिनं ते आणलं. उतरली तेव्हा तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण फूल एकही पडलं नव्हतं. "झाडाला माती लागत नाही, बघा," तिनं अप्पांना कौतुकानं सांगितलं. कुंडीत नुसते झाडाच्या सालीचे तुकडे होते. अप्पांनी वाकून पाहिलं आणि पाहुणीपुढे गप्प बसले. ते गप्प बसले हेच मला विशेष वाटलं होतं.

फुलं तीन महिने टिकली. एप्रिलमध्ये भावाचा फोन आला. आई सकाळी पोळ्या लाटता लाटता गेली. मी निघाले तेव्हा झाडावर दोनच फुलं उरली होती. जाताना मी सासूबाईंना, वेंकूबाईंना, एवढंच म्हटलं, "अम्मा, आठवड्यातून एकदा पाणी, बाकी काही नको."

तेरावा करून परत आले. बॅगही न ठेवता बाल्कनीत गेले. तिथं मातीची मोठी थोरली कुंडी होती. तीत काळा, चिकट, ओला गाळ काठोकाठ भरला होता, वर कडुलिंबाच्या पेंडीचा वास, आणि मध्ये आईचं झाड गळ्यापर्यंत पुरलेलं. फुलांचा दांडा बुडापासून कापला होता. पानं ओल्या चपातीसारखी लोंबत होती.

अप्पा मागून आले. चेहऱ्यावर काय आनंद! "वंडल मण्णु अहे, कावेरीचं. मुद्दाम गांवाहून आणवलं. त्या लाकडाच्या तुकड्यांत झाड उपाशी होतं गे. रोज दोन वेळ पाणी घालतों, तांदूळ धुतल्याचं."

या मुलखातल्या लोकांचा नदीच्या गाळावर, या वंडल मण्णूवर, जो विश्वास आहे तो देवावरसुद्धा नसेल. त्यात काठी खोचली तरी पालवी फुटते, असं इथं सगळेच सांगतात, आणि काठीच्या बाबतीत ते खरंही आहे. पण हे झाड हवेवर जगणारं. त्याची मुळं मोकळी हवीत, पाणी पिऊन वाळायला हवीत. मी गाळात बोटं घातली आणि एक मूळ ओढून पाहिलं. ते बोटात चिरडलं आणि सडका वास आला.

मग माझ्या तोंडाला धरबंध राहिला नाही. "चौतीस वर्षं शेतकऱ्यांना हेच शिकवलंत का?" मी म्हटलं. "माझ्या आईची एवढीच एक वस्तू होती या घरात. तीही घालवलीत. यापुढे या झाडाला हात लावायचा नाही!"

सासऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते. आमच्याकडे कोणी बोलत नाही, त्यांच्याकडे तर नाहीच. मुरली दारातच थबकला. अप्पांनी आपले दोन्ही हात पाहिले, नखात गाळ होता, आणि ते आत गेले. मला त्या वेळी जरासुद्धा वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच बसनं कुठेतरी गेले आणि दुपारी घामाघूम होऊन आले. त्रिचीच्या रस्त्यावर साईप्रिया नावाच्या एका मुलीची रोपवाटिका आहे. मुलगी नुकतीच बागायतीचं शिकून बाहेर पडलेली. तिच्यासमोर बाकड्यावर दोन तास बसून अप्पांनी, ज्यांच्याकडे गावोगावचे लोक सल्ल्याला यायचे त्या अप्पांनी, ऑर्किडचं सगळं विचारून घेतलं होतं. पिशवीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि भोकाभोकांची प्लॅस्टिकची कुंडी होती.

बाल्कनीत ते माझ्यापासून चार हातांवर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. "तूं कर. मी सांगतों," म्हणाले. हात लावू नका म्हटलं होतं ना, तर ते लावणार नव्हते. मी गाळ धुतला, सडलेली मुळं एकेक कापली. तीन उरली. "कापल्या जागीं पट्टै पोडि लाव," त्यांनी सांगितलं. पट्टै म्हणजे दालचिनी. अम्मांनी कुरकुर न करता डबीभर पूड आणून दिली. सोडणाच्या तुकड्यांत ते तीन मुळांचं झाड मी बसवलं, पण ते धड उभंही राहीना. दोऱ्यानं काडीला बांधलं. आमच्याकडे म्हणतात अति तिथं माती, तसं झालं होतं. पण ते मी बोलून दाखवलं नाही. आदल्या दिवशी पुरेसं बोलले होते.

त्यानंतर जे चाललं ते पाहून कोणालाही हसू आलं असतं. उन्हाळा भरात आला. दहाच्या सुमारास बाल्कनीत ऊन येतं, ते या झाडाला चालत नाही. झाड हलवायचं तर हात लागणार! म्हणून अप्पा दोरीवर आपली वेष्टी, म्हणजे धोतर, पसरायचे आणि ऊन सरकेल तशी सरकवत जायचे. जमिनीवर ओली पोती टाकायचे, गारवा राहावा म्हणून. अम्मा स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "पाहिलीस का अंबा, सूर्यास वेष्टी नेसवालेत!" खालच्या मजल्यावरचे लोकही विचारायला लागले की रोज एकच वेष्टी का धुता?

पाणी घालायचा दिवस रविवारचा. त्या दिवशी सकाळी कॉफीचा टंबलर घेऊन ते माझ्या दाराशी यायचे, "आज आदितवार," एवढंच म्हणायचे आणि परत फिरायचे. त्याच्यापुढे एक शब्द नाही. एरवी सांबारात चिंच किती यावर पाऊण तास बोलणारा माणूस! मी कुंडी बादलीत पंधरा मिनिटं बुडवायची, निथळू द्यायची, पानांच्या बेचक्यात पाणी साचलं असलं तर कापसानं टिपायची. ते खुर्चीतून बघायचे, मान हलवायचे.

आमच्यात भांडण नव्हतं. मी जेवायला वाढत होते, औषधं देत होते. पण मी ते शब्द मागे घेतले नव्हते आणि त्यांनी ते पचवले नव्हते. त्यांनी इतरांना सल्ला देणं कमी केलं. भाजीवालीनं एकदा मला अप्पांबद्दल विचारलं, अय्यांना बरं नाही का? त्या दिवशी मला आत कुठेतरी टोचलं. तरी माफी मागायला तोंड उघडलं नाही. आमच्या घराण्यात हट्ट फुकट मिळतो.

ऑगस्टमध्ये खालचं पान पिवळं पडून गळलं, मग आणखी एक. दोन पानं राहिली. मुरली म्हणाला, दुसरं आणू. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

ऑक्टोबर संपता संपता इथला पाऊस सुरू झाला, रात्री जरा गार व्हायला लागल्या, आणि पानाच्या बुडाशी हिरवा, तांदळाएवढा कोंब दिसला. मी ओरडलेच. सगळे धावत आले. साईप्रियानं सांगितलं होतं की फुलाचा दांडा असा पानाजवळूनच निघतो, आणि तो गार रात्रींतच येतो. मी भावाला फोटो पाठवला, खाली लिहिलं, आईला फूल येतंय. रोज उठून आधी तिथं जायचे, कोंब मोजायचे. पुढच्या एप्रिलात वर्षश्राद्ध. तोपर्यंत फुलं यावीत, तिच्या तसबिरीजवळ ठेवावीत, एवढंच डोक्यात होतं. अप्पा मात्र हं हं करायचे. मला रागच आला, इतकं झालं तरी यांना आनंद नाही!

पंधरा दिवसांनी एका रविवारी ते टंबलर घेऊन आले आणि "आज आदितवार" म्हणालेच नाहीत. दारातच उभे राहिले.

"अंबा," म्हणाले, "तें फूल नाही. मूळ अहे. दांडा असता तर टोंक चपटं असतं, वर गेला असता. हें गोल अहे, खालीं वळालं. आठ दिवस जालें मज कळून. तुज कसं सांगूं?"

मी बाल्कनीत जाऊन पाहिलं. खरंच, कोंबाचं टोक खाली वळून सोडणाच्या तुकड्यांत शिरायला निघालं होतं. मूळच होतं. भावाला काय सांगायचं, हा पहिला विचार आला आणि मग मला रडू फुटलं. कोल्हापूरला तेरा दिवस पाहुण्यांना चहा करण्यात गेले होते, तिथं रडायचं राहूनच गेलं होतं. ते सगळं आता आलं.

अप्पा पाठीमागे हात बांधूनच उभे होते. "मी चुकलों," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "तुझी आई नाही, आणि तूं येशील तेव्हां तें झाड नुसत्या काठ्या होऊन उभं असेल, हें मज पाहवेना. म्हणून तो उद्योग. आपल्याला अस्की, सगळं सगळं, माहीत अहे असं वाटलं."

"अप्पा, मी फार वाईट बोलले तुम्हाला," मी म्हटलं. सात महिन्यांनी का होईना, म्हटलं. "ते शेतकऱ्यांचं. तसं बोलायला नको होतं."

"बरोबरच बोललीस."

"नाही. आणि मूळ आलं हे वाईट आहे का? तीन होती, आता चार झाली."

त्यांनी डोळे पुसले, वेष्टीच्या टोकानं. मी नाक पुसलं, आत गेले, पाण्यानं भरलेली बादली उचलून आणली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. कुंडी काडीसकट उचलून त्यांच्यापुढे धरली.

"आज तुम्ही घाला," मी म्हटलं.

त्यांनी आधी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टंबलर खाली ठेवला. बेसिनवर जाऊन साबणानं दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, कोरडे केले आणि कुंडी दोन्ही हातांनी घेतली. इथल्या अर्ध्या गावांना पाण्याचं वेळापत्रक सांगितलेला तो माणूस मला विचारत होता, "केव्हडा वेळ बुडवूं?"