खोकडाचा भात-खोबऱ्याचा आहार

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मी घरी आलो, तेव्हा मी पुन्हा पुण्याला जायचं की नाही हे ठरायचं होतं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. काकांचं मत होतं, शिकणं पुरे, आता वावर सांभाळ. आजोबांनी, म्हणजे आबांनी, अजून मत दिलं नव्हतं, आणि निर्णय त्यांचाच होता.

आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी सुट्टीत एखाद्या जनावराचा आहार पाहून या, असं सांगितलं होतं. मला वाटलं, हे नीट करून दाखवलं तर आबांनाही शिक्षणाचा उपयोग कळेल. गावाशेजारी, सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारी राखीव रान होतं. तिथे कुऱ्हाड चालत नसे, म्हणून खोकडं, म्हणजे लहान कोल्हे, टिकून होती. मी त्यांच्या लेंड्या वेचून आणल्या आणि अंगणात, ऊन दाखवायला काढलेल्या कुरडयांच्या खाटेशेजारच्या खाटेवर वाळत घातल्या.

आई म्हणाली, "आरे भाऊ, इतला शिकना, ते ह्या येचाले का?"

मी तिला संशोधन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने कुरडयांची खाट उचलून मागच्या दारी नेली.

लेंड्या फोडून पाहिल्या. उंदराचे केस, किड्यांचे पंख, बोरांच्या बिया असतील असं पुस्तकावरून वाटत होतं. तेही थोडं होतं, पण जास्त करून भाताची शितं आणि खोबऱ्याचे तुकडे. नवा शोध लागला म्हणून मी हरखून गेलो. एवढ्याशा जागेत इतक्या लेंड्या, म्हणून तो आकडा साऱ्या रानाच्या विस्ताराने गुणून खोकडांची संख्याही काढली.

संध्याकाळी ओट्यावर आबा आणि काकांसमोर उभा राहून मी पुस्तकी मराठीत वाचून दाखवलं, "खोकडाचा प्रमुख आहार भात व खोबरे हा होय."

संख्या ऐकून काका म्हणाले, "मंग गावमा माणसंपेक्षा खोकडं जास्ती शेतस! कोठेन येची आन्यात रे ह्या?"

"वाघदेवाच्या दगडाजवळून."

खरं तर त्याच्या पुढे रानात एकटं जायची मला भीती वाटली होती. आणि दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस नुकतीच झाली होती. पाड्यांवरच्या लोकांनी त्याच दगडापुढे वाघदेवाला भात आणि नारळ वाहिले होते. आमच्या घरचाही नारळ होता, आणि तो मीच फोडला होता.

काका हसून हसून ओट्यावर आडवे झाले. "आपलंच खोबरं, आबा! पोऱ्यानी आपल्याच घरना नारळ शोधी काढा!"

आता संपलं, असं मला वाटलं. मी कागदाची घडी करून खिशात घातली. आबा मात्र हसले नाहीत. ते काकांकडे वळले.

"याले हायी बी समजत नही. वावरमा ठेईसन काय करसूत? जाऊ दे याले पुनाले."

मला अपमान वाटायला हवा होता. मी धावत जाऊन ट्रंक भरायला घेतली.