सोमवारी आवळणारी छाती

४ मार्च १९८५ रोजी सोमवार होता. हे कोणत्याही दिनदर्शिकेत पडताळता येते. त्या सकाळी कापडगिरणीतील एका कामगार बाईंना मुकादमाने बजावले, की यापुढे सोमवारी बसून राहिलात तर कामावर येऊ नका. पुढची हकिगत बाईंनी व त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी सांगितली. दोघींचे जिथे जुळले नाही, तेवढे मी गाळले आहे.

बाई कार्डिंग खात्यात होत्या. तिथे कापूस विंचरून त्याचा पेळू होई, आणि तंतू असे उडत की दुपारपर्यंत भुवया पांढऱ्या. बाईंची छाती मात्र सोमवारीच आवळे, मंगळवारी मोकळी. खात्यात त्यांचे नावच ‘सोमवारबाई’ पडले.

घरीही सुटका नव्हती. “काल दिवसभर लोळलीस, आज धाप लागते होय?” नवरा चिडवी.

“लोळले? मग तुमचे कपडे शेजारणीनं धुतले वाटतं!”

नोकरी जाण्याची धास्ती होतीच. पण कामचुकार हा शिक्का जास्त झोंबत होता. तयार कापडाच्या घड्या घालणाऱ्या घडी खात्यातल्या जाऊबाई शेवटी म्हणाल्या, “अगं, अंग चोरणारी रोज चोरेल, एकच वार कशाला धरेल? चल डॉक्टरकडे.”

गिरणीच्या डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी कामाच्या पाळीच्या आधी आणि नंतर त्यांना श्वास मोजायच्या नळीत फुंकायला लावले. दुसरी फुंक बरीच कमी भरली. डॉक्टरांनी मुकादमाला बोलावून घेतले. “सुटीनंतर कापसाची धूळ पुन्हा आत गेली की असं होतं. हे सोंग नाही, आजार आहे.”

“मग मंगळवारी कशा ठणठणीत असतात?”

“आज असतात. इथंच ठेवलंत तर काही वर्षांनी त्यांना रोजच सोमवार येईल.”

मुकादमाने बदलीवर सही केली. कापसाची धूळ जवळपास नसलेल्या घडी खात्यात बाईंना जाऊबाईंच्या शेजारीच जागा मिळाली.

“आता दिवसभर माझं डोकं खाणार ही!”

“खाईनच. तुम्हीच आणलंत ना?”

आज बाई निवृत्त आहेत. जिना चढताना मध्ये थांबतात. पण वरच्या मजल्यावरील नवऱ्याशी भांडण खालूनच सुरू करतात आणि दारात पोहोचेपर्यंत ते जिंकलेले असते.

त्यांच्या उरलेल्या धापेत कापसाचा वाटा किती आणि चुलीच्या धुराचा किती, हे ठरवता येत नाही. कार्डिंग खात्यात त्यांच्या जागी कोण उभे राहिले, आणि त्या माणसाचे सोमवार कसे गेले, तेही मला अद्याप कळलेले नाही.