पानभर पत्र, दोन ओळींचं वाचन

राजाजीनगरच्या सोयराबाईंना घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडणात दोन्ही भाषा अस्खलित यायच्या. वाचता मात्र एकही येत नव्हती. लेक रक्षिता हुबळीहून पत्र लिहायची, तेही बंगळूरच्या जुन्या मराठी घरांच्या रीतीनं, म्हणजे भाषा मराठी आणि अक्षरं कन्नड, कारण शाळा कन्नडच. वाचायचं काम नवऱ्याचं. मानसिंग चष्मा पुसून, घसा खाकरून बसायचे आणि पानभर मजकूर दोन ओळींत आटपायचे. "सगळं खुशाल आहे. तब्येतीला जप म्हणते."

रक्षिताला दिवस गेले होते. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, म्हणजे बाळंतपण हुबळीलाच. घरात सासू नाही, जाऊ नाही. अशा वेळी लेक 'आई, तू ये' असं एका अक्षरानंही लिहीत नाही, हे सोयराबाईंच्या मनाला फार लागलं होतं. न बोलावता जावयाच्या दारात जायचं तरी कसं? ती खरंच लिहीत नाही का, एवढं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

दसरा सरला की कोपऱ्यावरच्या चर्चचे नाताळपर्यंतचे कार्यक्रम सुरू होत. रविवारी रक्तातली साखर तपासून देत, शनिवारी गाण्यांची तालीम. रोज दुपारी तीनला एका खोलीत केक शिकवत, शेजारच्या खोलीत मोठ्यांना कन्नड अक्षरओळख. त्र्याण्णव साली सोयराबाईंनी दुसऱ्या खोलीत नाव घातलं आणि घरी मात्र केकच्या खोलीचं सांगितलं. महिना उलटला तरी घरी तुकडा येईना, तेव्हा मानसिंग म्हणाले, "अगं, तुझा केक अजून भट्टीतच का?"

शिकवणाऱ्या ग्रेसम्मा कडक होत्या. सोयराबाईंना ऐकलेलं एकदाच पाठ व्हायचं, त्यामुळे पुस्तक उलटं धरूनही त्यांचा धडा बिनचूक! ग्रेसम्मांनी ते पकडलं. "पाठ म्हणू नका अक्का, बोट ठेवा." सगळा वर्ग हसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सोयराबाईंना आपल्या पाठांतराचा राग आला. मग मात्र त्या नेटानं बसल्या. दुकानांच्या पाट्या वाचण्याच्या नादात भाजी आणायची राहून जाऊ लागली.

नाताळच्या आठवडाभर आधी दोन्ही वर्गांचा समारोप होता. चहा, केक आणि अक्षरओळखीच्या प्रत्येकानं सगळ्यांपुढे काहीतरी वाचायचं. नेमकं त्याच दुपारी पोस्टमननं हुबळीचं पत्र सोयराबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते न फोडता पदराखाली घेतलं. बायकोचा केक एकदाचा खायला मिळणार म्हणून मानसिंगही आले होते.

पाळी आली तशा सोयराबाई उठल्या. "धडा नको, ग्रेसम्मा. तो पाठ झालाय. हे वाचते." त्यांनी पत्र फोडलं, आणि मानसिंगांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

बोट सरकू लागलं. "आ-ई, हे पा-च-वं पत्र. प्रत्येक पत्रात लिहिते, तू ये. बाबा कळवतात, तुझे गुडघे धरलेत, प्रवास झेपत नाही. मला फार भीती वाटते गं."

अक्षरं कन्नड, भाषा मराठी; ऐकणाऱ्यांना काही कळेना. "स्वल्प, जरा थांबा, अक्का, चुकतंय," म्हणत ग्रेसम्मांनी पत्रात डोकावलं, तर बाई अक्षर न् अक्षर बरोबर वाचत होत्या. सोयराबाईंखेरीज त्या अख्ख्या सभागृहात अर्थ कळलेला माणूस एकच होता, आणि तो दाराकडे सरकत होता.

टाळ्या संपायच्या आत सोयराबाईंनी नवऱ्याला आवारातल्या बाकावर गाठलं. "गुडघे कुणाचे दुखतात हो?"

मानसिंगांनी चष्मा काढून पुसला. "तू गेलीस की घर खायला उठतं गं," ते म्हणाले. "एकट्याला करमत नाही. म्हणून तेवढं वाचायचो नाही."

चौतीस वर्षांच्या संसारात या माणसानं आमटी बरी झाली असंही कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. सोयराबाईंना राग आला होता, भयंकर आला होता, आणि त्या रागातच त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या.

"हे आधी सांगितलं असतंत, तर दोघं कधीच जाऊन बसलो असतो."

"मी पण येऊ?"

"मग? बाळंतिणीच्या घरी पाणी कोण भरणार? उद्या सकाळी स्टेशनावर जा, दोन तिकिटांचा फॉर्म आणा. आणि भरलात की मला दाखवा. मी वाचून बघणार."

"सरी, बरं," मानसिंग दोन्ही भाषांत म्हणाले.