चपलांच्या पिशवीतलं इष्टलिंग

मी वहिदा, लातूरच्या एका दवाखान्यात वार्डातली मावशी. वीस वर्षं फरशी पुसून राहिले, पण महामाया मॅडमसारखी जीव तोडून शिकवणारी बाई बघितली न्हाई. नर्सिंगच्या पोरींना त्या एकच सांगतात: पेशंट काय खातो, काय पाळतो, कशाला हात लावलेला त्याला चालत न्हाई, हे आधी विचारा. मंगळवारी एक तास, तोबी प्रिन्सिपल कापतात. "दोन मार्कांचं हाय, नोट्स द्या!" पोरी नोट्स पाठ करतात, दोनपैकी दोन घेतात. पालथ्या घड्यावर पाणी!

त्या सोमवारी उदगीरचे लिंगायत गुरुबसप्पा आले. हर्नियात आतडं अडकलेलं, लगेच ऑपरेशन न्हाई केलं तर जीव जाणार. दुखण्यानं म्हातारा डोळे मिटून पडलेला. अलीझा नावाच्या पोरीनं त्याच्या अंगावरचं सगळं उतरवलं. गळ्यातलं इष्टलिंगबी! दीक्षा घेतल्यापासून साठ वर्षं त्यानं ते अंगावेगळं केलं नव्हतं. अन् या शहाणीनं ठेवलं कुठं? चपलांच्या पिशवीत!

म्हाताऱ्यानं गळा चाचपला, अन् स्ट्रेचरवरून पाय खाली सोडले. "न्हाई करायचं ऑपरेशन. मरू द्या मला."

डॉक्टर ओरडले, पण तो ऐकंना. मॅडम पळत आल्या.

"ऑपरेशनच्या तयारीच्या यादीत लिहिलंय मॅडम, सगळं काढायचं," अलीझा म्हणाली.

मॅडमचा आवाज चिरकला. "मग तुझ्या गळ्यातला तावीज काढ. टाक त्याच पिशवीत!"

अलीझानं तावीज मुठीत धरला. "अम्मीनं बांधलाय," एवढंच बोलली. माझाबी हात दंडावरच्या ताविजाकडं गेला. लई राग आला मॅडमचा, खोटं कशाला बोलू?

पोरीनं मूठ सोडली. मग कोपरापर्यंत हात धुऊन, लिंग ठेवलेली पिशवी घेऊन म्हाताऱ्यापाशी गेली. "आजोबा, चुकलं माझं. आता कसं करू, तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्यानं पाणी मागितलं, विभूती मागितली. लिंग धुतलं, कपाळाला लावलं अन् मनगट पुढं केलं. "हितं बांध."

"बांधा, पण लवकर!" डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन झालं, म्हातारा वाचला. मॅडम वरांड्यात बसल्या होत्या, तर शिपाई निरोप घेऊन आला: उद्याचा तास रद्द, नोट्स द्या.

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बारा वर्षं शिकवून राहिले, मावशी. अन् ही पोरगी शिकली कधी? तिच्या अम्मीच्या ताविजावर घाला घातला तेव्हा. आता बाकीच्या चाळीसजणींचं काय काय हिसकावू?"